लाल कबूस आणि पाच फलक

मिशिगन सरोवराकाठच्या आमच्या ओस्टरहाव्हन नगरपालिकेच्या जून महिन्यातल्या साधारण सभेत, बंदराच्या टोकाला उभ्या असलेल्या लाल डब्यापुढे माहितीफलक लावावा, असा ठराव सर्वानुमते संमत झाला. कारण असं घडलं, की मे महिन्यातल्या ट्युलिप महोत्सवात ओहायोहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी त्या डब्याकडे बोट दाखवून "हे काय आहे?" असं विचारलं, आणि आत बसलेल्या ओम हार्मने "सूप" असं उत्तर दिलं. हे उत्तर अपुरं आहे, असं सभेचं मत पडलं.

मी निनहाउस. पालिकेत दुय्यम कारकून. माझं अक्षर बरं आहे, त्यामुळे ज्या समितीला चिटणीस मिळत नाही तिचा चिटणीस मीच होतो. या सगळ्या प्रकरणात माझी काही चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. प्रत्येक कागद मी नियमाला धरून लिहिला आणि प्रत्येकाची नक्कल फायलीत आहे.

डबा म्हणजे कबूस. मालगाडीच्या शेवटी जोडतात तो गार्डाचा डबा. छतावर काचेचं एक मचाण असतं. त्यात बसून पुढच्या सव्वाशे वाघिणींकडे, म्हणजे मालाच्या डब्यांकडे, बघत राहायचं, कुठल्या चाकातून धूर येतोय का, कुठे काही लोंबतंय का ते पाहायचं, आणि दिसलं की गाडी थांबवायची. हार्म फेन्स्ट्राने एकतीस वर्षं हेच केलं. मग रेल्वे कंपनीने शेवटच्या वाघिणीला शिदोरीच्या डब्याएवढी एक लुकलुकणारी पेटी लावली आणि कबूस व हार्म या दोघांनाही एकाच पत्राने मोकळं केलं. कबूस आमच्या पालिकेच्या गळ्यात पडला. पालिकेने तो बंदराजवळच्या बंद पडलेल्या रुळावर नेऊन ठेवला, आणि आठवड्याभरात हार्म आत शेगडी पेटवून बसलेला आढळला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढायचं कसं हे कुणाला समजेना.

तिथे रोज दुपारी बाराला वाटाण्याचं सूप मिळायचं. मिशिगन सरोवरावरचा वारा हाडांत शिरतो तेव्हा माणसाला जसं हवं तसं, चमचा उभा राहील इतकं घट्ट, आत धुरावलेल्या सॉसेजचे काप आणि सोबत राय ब्रेडचा काळा तुकडा. येणाऱ्याने एखादा कांदा आणायचा नाहीतर लाकडाची एक फोड. गोदीतले हमाल यायचे, ट्रकवाले यायचे, बायको वारलेले म्हातारे यायचे. मी सहा वर्षं रोज गेलो. ज्याच्या हातचं जेवायचं त्याला नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत आमच्यात नाही, म्हणून सगळे त्याला ओम हार्म म्हणत. ओम म्हणजे आमच्या पूर्वजांच्या डच भाषेत काका. त्याची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, पोरंबाळं नव्हती, आणि दिवसातून जो एक तास माणसं त्याच्याशी बोलत तो तास हाच.

तर फलकासाठी "शब्दार्थ व व्युत्पत्ती उपसमिती" नेमण्यात आली. अध्यक्षा बाउस्मा बाई. निवृत्त शिक्षिका आणि वारसा मंडळाच्या सर्वेसर्वा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत शिकवलंय, उरलेल्या निम्म्यांना त्या अजून शिकवतात. दुसरे सदस्य कप्तान डायकेमा, ज्यांनी चाळीस वर्षं सरोवरावर लोहखनिजाची जहाजं हाकली आणि आता जमिनीवरसुद्धा पाय फाकून चालतात. चिटणीस अर्थात मी. पालिकेच्या इमारतीत ऑक्टोबरपर्यंत हीटर लावत नाहीत आणि सप्टेंबरातच गारठा पडला होता, म्हणून पहिली बैठक कबूसमध्येच भरली. हार्मने तिघांपुढे न विचारता वाडगे ठेवले.

बाईंनी मांडीवर जाडजूड कोश उघडला आणि वाचलं, की कबूस म्हणजे मालगाडीच्या शेवटचा, कर्मचाऱ्यांना राहण्यासाठी असलेला डबा. कप्तानांनी चमचा खाली ठेवला. त्यांचं म्हणणं, रेल्वे जन्मायच्या शंभर वर्षं आधीपासून जहाजाच्या डेकवर एक खोपटं असायचं, त्यात शेगडी आणि खानसामा असायचा, आणि त्या खोपट्याला कबूस म्हणत. रेल्वेवाल्यांनी दर्यावर्दींचा शब्द पळवला, तो पळवलाच. बाईंनी पान उलटलं आणि म्हणाल्या, की जहाजावरच्या स्वयंपाकघराला तो शब्द दिला तो आपल्या डच पूर्वजांनीच.

आता नीट ऐका. दोघांचंही म्हणणं एकच होतं. शब्द आपल्या लोकांचा, आधी जहाजावर होता, मग रुळावर आला. मतभेद एवढाच होता की फलकाच्या पहिल्या ओळीत पाणी यावं की रूळ. हार्म पळी हातात धरून ऐकत होता. तो म्हणाला, "वर तुम्हाला काय हवं ते लिहा. खाली फक्त एवढं लिहा, की बाराला वाढतो." हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही, कारण तो सदस्य नव्हता.

आमच्या गावात भांडण होत नाही. आम्ही शांत, सभ्य माणसं. मतभेद झाला की आम्ही उठतो, टोपी घालतो आणि वेगळे होतो. गावात आधी एकच चर्च होतं. प्रवचनाच्या आधी शेगडी पेटवावी की नंतर, यावरून काही कुटुंबं बाहेर पडली आणि त्यांनी समोरच्या कोपऱ्यावर खरं चर्च बांधलं. त्यात पेपरमिंटची गोळी प्रवचनाच्या कितव्या मुद्द्याला तोंडात टाकायची यावरून खरं मुक्त चर्च निघालं. तिन्ही एकाच चौकात आहेत. तिन्ही पाद्री हिवाळ्यात एकमेकांच्या दारातला बर्फ उपसतात. एकमेकांचं प्रवचन मात्र ऐकत नाहीत.

कप्तान उठले, टोपी घातली, वाडगा हातात घेऊनच बाहेर गेले, पायरीवर बसून उरलेलं सूप संपवलं आणि तिथेच "अस्सल कबूस वारसा मंडळ" स्थापन केलं. मग वाडगा धुऊन परत आणून दिला आणि हार्मचे आभार मानले.

अशा रीतीने एकाच्या जागी दोन फलक मंजूर करावे लागले. पुढे आणखी कटकट नको म्हणून मी पोटनियम तयार केले, आणि ते चांगले होते असं मला आजही वाटतं. सर्व फलक एकाच उंचीचे असावेत. कोणताही फलक दुसऱ्याच्या मागे नसावा. प्रत्येक फलकापुढे वाचकाला उभं राहण्यासाठी सहा फूट जागा सोडावी. एकदा नोंदणी झालेला फलक वारसा समजण्यात यावा व तो हलवू नये. बाईंचा फलक हार्मच्या लाकडांच्या राशीच्या जागी उभा राहिला. कप्तानांचा खिडकीसमोर. लाकडं हार्मने आत रचली, आणि खिडकी गेल्यामुळे दिवसा कंदील लावला. त्याने तक्रार केली नाही. म्हणाला, आत सामान दाटीने रचायची सवय त्याला नोकरीपासूनच आहे.

ऑक्टोबरात गावच्या औषधवाल्यांनी बाईंचा कोश वाचनालयातून आणून शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की डचांच्याही आधी हा शब्द कुठून आला ते नक्की सांगता येत नाही. झालं. "अज्ञातमूळ मंडळ" निघालं. त्यांचा फलक सगळ्यांत रुंद, कारण माहीत नाही एवढंच सांगायला त्यांना चौदा परिच्छेद लागले. उंची पोटनियमाप्रमाणे सारखी ठेवायची होती, म्हणून तो आडवा वाढला, आणि दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचला. नोव्हेंबरात, हा सगळा फलकांचा बाजार आता पुरे झाला असं म्हणणाऱ्या विचारी नागरिकांनी "फलकविरोधी मंडळ" स्थापन केलं आणि चौथ्या बाजूला "या जागी एकही फलक नसावा" असा फलक लावला. त्याची अक्षरं सगळ्यांत मोठी आहेत, आणि खरं सांगायचं तर वाचायलाही तोच सोपा आहे.

दार बंद झालं तेव्हा हार्म आत होता की बाहेर, याची नोंद नाही. दुसऱ्या दिवशी बाराला मी गेलो तर तो छतावर होता. बाजूच्या लोखंडी शिडीने वर चढायचं आणि मचाणाची काच सरकवून आत उतरायचं, असा मार्ग त्याने काढला होता. वय वर्षं बहात्तर. माझे गुडघे चोपन्नाव्या वर्षीच बोलायला लागलेत, त्यामुळे मी खालीच उभा राहिलो. त्याने बादलीत वाडगा ठेवून दोरीने खाली सोडला, मी बादलीत कांदा ठेवला, त्याने वर ओढली. गोदीतले लोकही रांगेत उभे राहून तसंच जेवू लागले. ओम हार्मशी बोलायचं तर मान वर करून ओरडावं लागे, आणि बर्फ पडत असताना तोंड उघडून ओरडणं काही सुखाचं नसतं. हळूहळू लोक वाडगा परत ठेवून हात हलवून जाऊ लागले. कप्तान डायकेमांना हा प्रकार फार आवडला. जहाजावर अन्न असंच दोरीने सोडत, असं सांगून त्यांनी तो पुरावा म्हणून आपल्या फलकावर जोडून घेतला.

मी काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये. ओम हार्मच्या वतीने दार मोकळं करून मिळण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला, चार प्रतींत. तो आवक वहीत मीच नोंदवला. पोटनियमांत दाराची तरतूद नसल्यामुळे फेटाळलाही मीच, आणि तसं पत्र टाइप करून बादलीतून वर पाठवलं. हार्मने ते वाचलं आणि वरूनच विचारलं, "आज दोन वाडगे घेतोस का? रश्शात सॉसेज जरा जास्त पडलंय." मी दोन घेतले.

मे महिना आला. आमच्याकडे महोत्सवाच्या पहिल्या दिवशी नगराध्यक्ष पांढरे हातमोजे घालून रस्त्याची तपासणी करतात. वाकून रस्त्यावर बोट फिरवतात, बोट उंच धरतात आणि "रस्ता घाण आहे" असं जाहीर करतात. मग सगळं गाव लाकडी बूट घालून, झाडू-बादल्या घेऊन रस्ता घासायला उतरतं आणि पाहुणे फोटो काढतात. रस्ता आदल्या दिवशीच साबणाने धुतलेला असतो. नगराध्यक्षांचा निर्णय मी एप्रिलमध्येच टाइप करून ठेवतो. पन्नास-साठ वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

त्या वर्षी मार्गात फलक होते. नगराध्यक्ष होल्टरमन यांनी रस्त्यावर बोट फिरवलं, मग जाता जाता हौसेने बाउस्मा बाईंच्या फलकावरही फिरवलं आणि बोट उंच धरलं. बोट काळं होतं. पन्नास-साठ वर्षांत तपासणीत खरोखरची घाण कधी सापडली नव्हती, आणि ती सापडली तर पुढे काय करायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. होल्टरमन माझ्याकडे बघायला लागले. माझ्याजवळ नेहमीचा टाइप केलेला कागद होता, तो मी पुढे केला. त्यांनी तो वाचला. मग हातमोजा काढून खिशात घातला आणि त्याच खिशातल्या रुमालाने कपाळ पुसलं, त्यामुळे पुढच्या मिरवणुकीत त्यांच्या कपाळावर काळा पट्टा राहिला.

चौकशी झाली. काजळी हार्मच्या शेगडीच्या नळकांड्यातून येत होती. तातडीच्या सभेपुढे दोन पर्याय होते, फलक हलवणं किंवा शेगडी हलवणं. फलक वारसा असल्यामुळे हलवता येत नव्हते. शेगडीची नोंदणी कुणी केलेली नव्हती. बाउस्मा बाईंनी एक पाहणीही सादर केली. त्यांनी आठवडाभर दुर्बीण घेऊन पाहुण्यांचं निरीक्षण केलं होतं. पाहुणे पहिल्या दोन ओळी व्यवस्थित वाचतात. तिसऱ्या ओळीला त्यांच्या नाकात सूपाचा वास शिरतो, ते मान वर करतात आणि पुन्हा फलकाकडे येत नाहीत. याला त्यांनी वाचनभंग असं नाव दिलं.

"ओम हार्म, तुमच्या सूपाविरुद्ध आमचं काही म्हणणं नाही," बाई सभेत म्हणाल्या. "फक्त त्याचा वास येतो."

शेगडी गेली. तिच्या जागी प्लास्टरची शेगडी बसवली, आत लाल कागदाच्या ज्वाळा. वर पातेलं, आणि पातेल्यात कायमस्वरूपी सूप, हिरवी राळ ओतून घट्ट केलेलं. त्यात सॉसेजचे रबरी काप बसवले. चमचा उभा केला तो अजून उभा आहे, याबद्दल ठेकेदाराचं मी कौतुक करतो. हार्मला वाऱ्यावर सोडलं असं म्हणायला कुणाला जागा राहू नये, म्हणून त्याची "जिवंत प्रात्यक्षिक" या पदावर नेमणूक करण्यात आली. जुना गणवेश घालून दहा ते चार मचाणात बसायचं, खाली बघायचं, आणि कुणी काही विचारलं तर योग्य त्या फलकाकडे बोट दाखवायचं.

हार्मने नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं. मग शिडी उतरून बाउस्मा बाईंकडे गेला.

"एकतीस वर्षं मी यात काढली बाई. हे काय आहे ते लोकांना मी सांगू शकतो की."

"तुम्ही त्यात राहिलात, ओम हार्म," बाई मायेने म्हणाल्या. "आम्ही त्याचा अभ्यास केलाय."

"आणि बाराला माणसं आली तर?"

"त्यांनाही फलकच दाखवायचा."

माणसं आठवडाभर आली. सवयीने हातात कांदा घेऊन आली, वर बघितलं, हार्मने बोट दाखवलं, त्यांनी फलक वाचल्यासारखं केलं आणि कांदा घरी घेऊन गेली. मीही त्यांतलाच. दुसऱ्या आठवड्यात मी डबा आणून ऑफिसातच जेवायला लागलो. जूनमध्ये हार्मविरुद्ध एक तक्रार आली, की त्याने घरून थर्मासमधून सूप आणलं, एका ट्रकवाल्याला बादलीतून कपभर पाजलं, आणि त्यामुळे तो ट्रकवाला अज्ञातमूळ मंडळाच्या चौथ्या परिच्छेदावरून उठून गेला. थर्मास जप्त करून मी त्याची रीतसर पावती दिली. तो माझ्या कपाटात आहे. आतलं सूप मी प्यायलो, ते टाकून देणं बरं दिसलं नसतं.

जुलैमध्ये वारसास्थळांना दर्जा देणाऱ्या एका संस्थेचा तपासनीस आला. उंच, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी. चार फलकांनी तो हरखूनच गेला. एकाच शब्दाबद्दल चार नोंदणीकृत मतं सारख्या उंचीवर त्याने कुठेच पाहिली नव्हती. त्याने पहिला दर्जा दिला. अहवालात एकच त्रुटी दाखवली, ती अशी: "फलक क्रमांक एकसमोर उभं राहिलं असता फलक क्रमांक तीन दिसत नाही, तसेच दोनसमोरून चार दिसत नाही. मध्ये लाल रंगाची एक मोठी वस्तू येते. ती हलवल्यास स्थळाचं आकलन सुधारेल."

त्या अहवालाने गावात चमत्कार केला. दहा महिने एकमेकांच्या मंडळाकडे न बघणारी चारही मंडळं एका टेबलाशी बसली, एकाच किटलीतली कॉफी प्याली, बदामाची खारी वाटून खाल्ली, आणि सदर वस्तू हलवावी यावर एका मिनिटात एकमत झालं. फलकविरोधी मंडळही राजी होतं, कारण मधला अडथळा गेला की त्यांचा फलक दोन्ही बाजूंनी वाचता येणार होता. कप्तान आणि बाउस्मा बाईंनी हस्तांदोलन केलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकातल्या तिन्ही पाद्र्यांनी त्या रविवारी ऐक्यावर प्रवचन केलं, आपापल्या चर्चमध्ये.

ठरावाच्या दिवशी हार्म सभागृहात आला. गणवेशातच होता, आणि बाहेरच्या माणसांसाठी असलेल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला. हरकती विचारल्या गेल्या तेव्हा तो उभा राहिला.

"शब्द तुम्ही ठेवून घ्या," तो म्हणाला. "पाण्याचा म्हणा, रुळाचा म्हणा, मला काही नको त्यातलं. डबा तेवढा मला द्या. मी माझ्या परसात नेऊन ठेवतो. तुमच्या फलकांच्या आड येणार नाही."

होल्टरमन गडबडले. माणूस वाईट नाही तो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नियम वाचून दाखवला, कारण ते माझं काम आहे. वारसावस्तू खाजगी व्यक्तीला देता येत नाही, तिचं पावित्र्य धोक्यात येतं. भंगारात मात्र काढता येते.

हार्म माझ्याकडे वळला. "निनहाउस, तू सहा वर्षं रोज यायचास. बाराला तिथे काय असायचं, तू तरी सांग यांना."

"चिटणिसाला मत नसतं, ओम हार्म," मी म्हणालो.

ते खरंच होतं. नियम चार, पोटकलम दोन. ते म्हणताना मला माझीच इतकी लाज वाटली की पेन हातातून सुटलं आणि ठरावाच्या कागदावर शाईचा डाग पडला. तो कागद मी पुन्हा टाइप केला. ठराव सर्वानुमते संमत झाला.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लांबलचक ट्रक आला. क्रेनने कबूस उचलून ट्रकवर ठेवला. हार्मने एकच मागितलं, की जाईल तिथपर्यंत मचाणात बसून जाऊ द्या. जिवंत प्रात्यक्षिकाची मुदत महिनाअखेरपर्यंत असल्यामुळे या मागणीला कुणाला हरकत घेता आली नाही. सगळं गाव निरोपाला आलं होतं. ट्रक बंदराच्या वळणावर पोचला आणि हार्मने मचाणातून लाल फडकं काढून जोरजोरात हलवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं निरोप घेतोय. आम्हीही रुमाल हलवले. तो शिव्या द्यायला लागला तेव्हा ड्रायव्हरने गाडी थांबवली. मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता. ब्रेक तापून लाल झाला होता. आणखी अर्धा मैल गेला असता तर चाक निखळून ट्रक डब्यासकट खाडीत लवंडला असता, असं मेकॅनिक म्हणाला. ट्रक खाडीत गेला असता तर कबूस भंगारात न जाता तिथेच राहिला असता आणि हिवाळाभर त्याला बाहेर काढायला कुणी गेलं नसतं, हे हार्मला ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. एकतीस वर्षांची नोकरी होती, धूर दिसला की हात आपोआप वर जाणारच. दोन तासांत चाक बदललं. कप्तानांनी टोपी काढून त्याला सलाम केला, बाईंनी टाळ्या वाजवल्या, पालिकेने आभाराचा ठराव केला, आणि ट्रक डबा घेऊन सुखरूप भंगारवाल्याच्या आवारात पोचला.

आता जागा फार सुरेख दिसते. मधे हिरवळ केली आहे. चारही फलक चारही फलकांसमोरून दिसतात. हिरवळीवर काहीच नाही हे पाहून पाहुणे गोंधळतात असं लक्षात आल्यावर मधोमध पाचवा फलक लावला, "या जागी कबूस होता". तो सर्व मंडळांनी मिळून लावलेला पहिलाच फलक, आणि मजकूर माझा आहे. गर्दी तिपटीने वाढली. लोक अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, कुणीही मान वर करत नाही. वाचनभंग संपूर्णपणे थांबला आहे. हार्म खऱ्या मुक्त चर्चच्या वृद्धाश्रमात आहे. तिथे बाराला घंटा होते, ताटात येतं ते तो खातो आणि भिंतीकडे तोंड करून बसतो, कारण त्याची खुर्ची तशी ठेवलेली आहे.

पाहुण्यांची पत्रं मात्र रोज येतात, आणि उत्तरं मलाच द्यावी लागतात. प्रत्येकाला एकच विचारायचं असतं, की चारांपैकी नेमका कुठला फलक बरोबर. पाणी खरं की रूळ, डच खरे की अज्ञात. आता तुमचंच घ्या. म्हाताऱ्याची शेगडी गेली, डबा भंगारात गेला, तो स्वतः भिंतीसमोर जाऊन बसला, हे सगळं तुम्ही हसत हसत वाचलंत, आणि इथे पोचल्यावर तुमच्या मनात जो प्रश्न उरलाय तो एवढाच ना, की हा कबूस शब्द मुळात आला कुठून? लाजू नका, सगळ्यांचा तोच असतो. तुमचा पत्ता कळवा, चारही फलकांच्या नकला टपालाने पाठवतो. वृद्धाश्रमाचा पत्ता हवा असल्यास त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. त्याचा नमुना मी अजून छापून घेतलेला नाही, कारण आजवर एकानेही मागितला नाही.